निवासी डॉक्टरच्या कुटुंबाचा विमा

आमच्या घरात एक पगार आहे आणि एक स्टायपेंड. मी बेळगावातल्या एका पदवीपूर्व महाविद्यालयात वाणिज्य शिकवते आणि माझे पती अस्थिशल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात, म्हणजे निवासी डॉक्टर आहेत. मुलगी चार वर्षांची आहे, सासू-सासरे शहापुरातल्या घरात आमच्याबरोबर राहतात, आणि त्याच घराचा सिटी सर्व्हेचा उतारा शैक्षणिक कर्जाच्या तारणापोटी बँकेत आहे. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा स्थावर मालमत्तेचे तारण मागतात, त्यामुळे सीमाभागातल्या पुष्कळ डॉक्टर मुलामुलींच्या मागे असा एखादा उतारा असतो. कोणाचा खानापुरातला, कोणाचा निपाणीतला, कोणाचा येळ्ळूरचा. विम्याचा विचार करताना मी आधी या उताऱ्याकडे पाहिले, पॉलिसीच्या माहितीपत्रकाकडे नंतर.

निवासी डॉक्टरच्या कुटुंबाची आर्थिक स्थिती इतर तरुण कुटुंबांपेक्षा वेगळी असते. वय तिशीच्या आसपास, शिक्षणात दहाएक वर्षे गेलेली, कर्ज मोठे, हाती येणारी रक्कम बेताची, आणि खरी कमाई पुढे. विमा उतरवायचा तो या पुढच्या कमाईचा. बहुतेक ठिकाणी स्टायपेंड म्हणजे पगार नव्हे, म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही आणि त्याच्याबरोबर येणारे विम्याचे छत्रही नाही. कर्नाटक सरकारच्या सेवेत असताना पीजीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, आलेल्या डॉक्टरांना राज्याच्या विमा खात्याची सक्तीची पॉलिसी असते, पण थेट प्रवेश घेतलेल्यांना तीही नसते. अशा कुटुंबाला मृत्यूसाठीचा विमा सहज आणि स्वस्तात मिळतो; अपंगत्वाचा विमा मात्र आपल्याकडे एका पॉलिसीत मिळतच नाही, तो तुकडे जोडून उभा करावा लागतो आणि जोडूनही अपुरा राहतो. घरी येणारे विमा प्रतिनिधी पहिल्याबद्दल भरभरून बोलतात आणि दुसऱ्याबद्दल बहुधा गप्प राहतात.

पीजीला प्रवेश मिळाल्याची बातमी गल्लीत पसरली की ओळखीतला कोणीतरी पॉलिसीचा कागद घेऊन येतोच. आमच्याकडेही आले. वर्षाला साठ हजारांच्या आसपास हप्ता, विम्याची रक्कम बारा लाख, वीस वर्षांनी बोनससह पैसे परत. सासऱ्यांना हे पटले होते. मला हवा होता तो टर्म विमा, ज्यात मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे मिळतात. त्यावर त्यांचा प्रश्न सरळ होता: "सूनबाई, वर्षानुवर्षे भरायचे आणि काही झाले नाही तर एक पैसाही परत नाही, असला विमा घ्यायचा कशाला?" मामांचे आयुष्य वडगावात हातमाग आणि नंतर यंत्रमाग चालवण्यात गेले. मी एवढेच म्हटले, "मामा, मागांचा आगीचा विमा तुम्ही दर वर्षी भरत होता, त्याचे पैसे कधी परत मागितलेत का?" ते हसले आणि विषय तिथेच मिटला. बारा लाखांत आमचे कर्जसुद्धा फिटले नसते, हे त्यांना आकडेमोड करून सांगायची वेळच आली नाही.

मुदतीचा, म्हणजे टर्म विमा किती घ्यावा याचे गणित वहीच्या एका पानावर मावते. धरून चालू की घरखर्चाला वर्षाला सहा लाख लागतात आणि ते पंचवीस वर्षे लागणार आहेत. महागाईच्या वर दोन टक्के व्याज सुटते असे मानले, तर त्यासाठी आज सुमारे एक कोटी सतरा लाख हाताशी हवेत. त्यात कर्जाचे अठरा लाख आणि मुलीच्या शिक्षणाचे पंचवीस लाख मिळवले की एक कोटी साठ लाख होतात. तरुण अर्जदाराला विमा कंपन्या वार्षिक उत्पन्नाच्या साधारण वीस ते पंचवीस पट रक्कम देऊ करतात, म्हणजे महिना साठ हजार स्टायपेंड असेल तर दीड कोटीच्या आगेमागे. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा लागतो. म्हणून कर बसत नसला तरी प्राप्तिकर विवरणपत्र दर वर्षी भरून ठेवावे. नुसत्या बँक पासबुकावर बोलणी लांबतात. तिशीतल्या, तंबाखू न खाणाऱ्या व्यक्तीला साठाव्या वर्षापर्यंतच्या एक कोटीच्या टर्म विम्याचा हप्ता साधारणपणे वर्षाला दहा ते पंधरा हजारांच्या घरात पडतो, स्त्रियांना त्याहूनही कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, त्यामुळे कोणी जुन्या हिशेबाने अठरा टक्के चढवून आकडा सांगत असेल तर त्याला थांबवावे.

रकमेइतकेच महत्त्व ती कोणाच्या हातात पडणार याला आहे, आणि आपल्याकडच्या घरांत हीच बाजू दुर्लक्षित राहते. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्यातील कलम ६ नुसार विवाहित पुरुषाने पत्नी आणि मुलांच्या लाभासाठी काढलेली पॉलिसी विश्वस्त निधी ठरते. ती त्याच्या मालमत्तेत मोडत नाही आणि त्याला कर्ज दिलेल्यांना तिच्यावर हात ठेवता येत नाही. सल्लागार ही तरतूद सर्वांना सरसकट सुचवतात. पण आमच्यासारख्या घरात सगळीच रक्कम या कायद्याखाली ठेवली तर काय होईल? पैसे माझ्याकडे आणि मुलीकडे येतील, कर्जाला सहकर्जदार म्हणून सही केलेले सासरे मात्र गहाण घर आणि बँकेची नोटीस घेऊन बसतील. सून चांगली निघेल या भरवशावर सत्तरीच्या माणसाचे घर ठेवणे मला सून असूनही योग्य वाटले नाही. म्हणून आम्ही दोन पॉलिसी केल्या: मोठी या कायद्याखाली माझ्या आणि मुलीच्या नावे, आणि कर्जाच्या रकमेइतकी दुसरी, जिच्यात नामनिर्देशित व्यक्ती सासरे आहेत. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे आई-वडील, पती-पत्नी आणि मुले यांना नामनिर्देशित केले तर ते रकमेचे नुसते ताबेदार राहत नाहीत, लाभाचे हक्कदार होतात. अविवाहित डॉक्टरने आई-वडिलांचे नाव घातले असेल तर लग्नानंतर ते आपोआप बदलत नाही, हेही इथेच सांगते. बदलायचे की नाही हा घरातला निर्णय आहे, पण तो विसरण्यातून होऊ नये.

कर्ज देताना बँक जो विमा सोबत जोडते त्याबद्दल थोडक्यात: हप्ता बहुधा कर्जातच मिळवला जातो, त्यावर व्याज चढते, विम्याची रक्कम कर्जाबरोबर घटत जाते आणि पैसे आधी बँकेला मिळतात. तोच हेतू वेगळ्या टर्म विम्याने कमी खर्चात साधतो. मुलगी डॉक्टर असेल तर हे सारे तिलाही तितकेच लागू आहे. तिच्या शिक्षणासाठीही वडिलांचेच घर तारण असते, पण विमा काढताना जावयाचा विचार आधी होतो आणि लेकीचा राहून जातो, असे मी आमच्या ओळखीतल्या अनेक घरांत पाहते.

आता अपंगत्व. परदेशातील, विशेषतः अमेरिकेतील डॉक्टरांसाठी लिहिलेले सल्ले वाचले तर तिथे निवासी डॉक्टरला अशी पॉलिसी घेता येते की जी, आपल्या विशिष्ट शाखेचे काम करणे अशक्य झाले तर दरमहा उत्पन्न देते. शल्यचिकित्सकाचा हात गेला आणि तो पुढे अध्यापन करू लागला, तरीही देते. ते वाचून आपल्याकडे तसे काही शोधू लागले की निराशा होते, कारण एकट्या व्यक्तीने विकत घ्यावी अशी ती सोय भारतात व्यवहारात नाही. आयुर्विम्याला जोडून मिळणारे अपंगत्वाचे पूरक संरक्षण बहुधा अपघातापुरते असते आणि त्यात व्याख्या कडक असते: माणूस कोणतेही काम करून कमावण्यास कायमचा असमर्थ ठरला पाहिजे, किंवा अंघोळ, कपडे घालणे, जेवणे अशा रोजच्या क्रियांपैकी ठराविक क्रिया त्याला स्वतःच्या हाताने करता येत नसल्या पाहिजेत. जो हाडात स्क्रू बसवू शकत नाही पण स्वतः जेवू शकतो, तो या व्याख्येत धडधाकट आहे.

अपघात विम्याची वेगळी पॉलिसी थोडी अधिक उपयोगी पडते, पण तिच्यातला तक्ता डोळ्याखालून घालावा. आम्ही तो घेतला तेव्हा पती चोवीस तासांची ड्यूटी करून आले होते आणि समोर उप्पीटाची बशी होती. दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गेले तर पूर्ण रक्कम. एक हात किंवा एक डोळा गेला तर निम्मी. अंगठा दोन्ही पेरांसकट गेला तर पंचवीस टक्के. तर्जनी तिन्ही पेरांसकट गेली तर दहा टक्के. बहुतेक पॉलिसींत हेच किंवा याच्या जवळपासचे आकडे असतात. पन्नास लाखांच्या पॉलिसीत तर्जनीचे पाच लाख होतात. त्यांनी चमचा खाली ठेवला, उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा ड्रिल धरल्यासारखे केले आणि म्हणाले, "या बोटाशिवाय मला ऑपरेशनच करता येणार नाही, आणि हे म्हणतात दहा टक्के." तक्ता सर्वांसाठी एकच असतो, कारकुनासाठी तोच आणि शल्यचिकित्सकासाठीही तोच. हप्ता ठरवताना मात्र डॉक्टरला सर्वांत कमी जोखमीच्या गटात, हिशेबनीस आणि वकिलांच्या रांगेत बसवतात, म्हणून हप्ता कमी पडतो. याचा उपाय एकच सुचतो: रक्कम उत्पन्नाच्या मर्यादेत जितकी मोठी मिळेल तितकी घ्यावी, म्हणजे दहा टक्केही काही कामाचे होतील. तात्पुरत्या अपंगत्वात मिळणारी साप्ताहिक भरपाईही जोडून घ्यावी. ती अनेक पॉलिसींत आठवड्याला विमारकमेच्या एक टक्का, रुपयांतल्या कमाल मर्यादेसह आणि सुमारे शंभर आठवड्यांपर्यंत असते, पण काही पॉलिसींत टक्का बराच कमी असतो, तेव्हा कागद वाचूनच सही करावी.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख मिळतात. वीस रुपयांसाठी विचार करू नये, बँकेत फॉर्म भरून टाकावा; पण तेवढ्यावर घराचे अपंगत्वाचे नियोजन झाले असे समजू नये.

निवासी डॉक्टरचा धोका अपघातापुरता नसतो, हे या पॉलिसींच्या लक्षात येत नाही. क्षयाचे वॉर्ड, सुई टोचणे, रात्रभर उभे राहून दुखावलेली कंबर. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर संसर्गित रक्ताच्या एका सुईने तो आजार होण्याची शक्यता शंभरात सहा ते तीस इतकी सांगितली जाते. एचआयव्हीची शक्यता हजारात तीन. लशीचे तिन्ही डोस पूर्ण झाले आहेत की नाहीत आणि त्यानंतर प्रतिपिंडे तपासली आहेत की नाहीत, हे घरच्यांनी विचारले तरी चालते. कोणत्याही पॉलिसीपेक्षा ते संरक्षण मोठे आहे. आजारातून आलेल्या अपंगत्वासाठी आपल्याकडे उरतो तो गंभीर आजारांचा विमा. त्यात पक्षाघात, हातापायांचा कायमचा लुळेपणा, मल्टिपल स्क्लेरोसिस, मोटर न्यूरॉनचा आजार यांच्या नियामकाने ठरवून दिलेल्या व्याख्या असतात आणि निदानानंतर ठराविक दिवस रुग्ण जगला तर एकरकमी पैसे मिळतात. पण बोटांचा कंप, मणक्याची सरकलेली चकती, साधा संधिवात, फुप्फुसांचा क्षय हे बहुतेक याद्यांत नसतात. हातांनी पोट भरणाऱ्या माणसाचे काम थांबायला यांतले एकही पुरेसे आहे.

सरकारी दाखल्याबद्दलही गैरसमज दिसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला मिळाला की अनेक हक्क मिळतात, पण विमा कंपनी त्या टक्क्यांना बांधील नसते. ती स्वतःच्या व्याख्येनेच दावा तपासते.

या सगळ्या तुकड्यांतून जे निसटते त्यासाठी आमच्या घरात एकच खरे संरक्षण आहे, आणि ते म्हणजे माझा पगार. पतीला दोन वर्षे काम करता आले नाही तर घर त्यावर चालेल. म्हणून माझाही टर्म विमा आणि अपघात विमा काढला. मी कमावते तोवरच त्यांच्या अपंगत्वाची सोय आहे, असे हिशेबाने दिसल्यावर तो काढणे भाग होते. ज्या घरात जोडीदार कमावत नाही तिथे शिल्लक रकमेवर भार येतो. सहा ते नऊ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवताना तो बँकेत ठेवावा. आमच्या भागात सौहार्द सहकारी संस्था आणि पतसंस्था गल्लोगल्ली आहेत, व्याज अर्धा-एक टक्का जास्त देतात आणि संचालक ओळखीचे असतात. पण ठेव विमा महामंडळाचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण बँकांच्या ठेवींना आहे, सहकारी बँकांच्याही, मात्र पतसंस्थांच्या ठेवींना नाही. आणीबाणीचा पैसा तिथे ठेवून आणीबाणीतच तो अडकला तर काय करणार?

एक बाब बाइकची. आमच्या घरी केए २२ क्रमांकाची जी गाडी पती रोज रुग्णालयात नेतात ती सासऱ्यांच्या नावावर होती. वाहनाच्या विम्यात मालक-चालकासाठी सक्तीचे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, पण ते परवाना असलेल्या नोंदणीकृत मालकालाच लागू होते. मुलगा चालवत असेल तर त्याला ते नाही. रात्रीची ड्यूटी संपवून पावसात नेहरूनगरहून शहापूरपर्यंत गाडी चालवत येणारा मुलगा, आणि पंधरा लाखांचे संरक्षण घरी बसलेल्या वडिलांना! गाडी पतीच्या नावावर केली. मुलासाठी वेगळा अपघात विमा असेल तर याची निकड कमी होते, पण कागद सरळ असलेला बरा.

अर्ज भरताना काहीही लपवू नये, आणि डॉक्टरांना हे सांगावे लागते, कारण ते स्वतःच्या आजाराचा उपचार स्वतः करून कुठेही नोंद ठेवत नाहीत. रक्तदाबाची गोळी, मानसोपचारतज्ज्ञाकडे घेतलेले उपचार, कधीतरी ओढलेली सिगारेट हे सगळे लिहावे. सिगारेट न ओढता तंबाखू खाणाराही तंबाखू सेवन करणाराच धरला जातो, हे निपाणीच्या परिसरात वेगळे सांगायला नको. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला तिच्या वैधतेवर कोणत्याही कारणाने प्रश्न उपस्थित करता येत नाही. त्या तीन वर्षांच्या आत दावा आला तर मात्र अर्जातली प्रत्येक ओळ तपासली जाते. वैद्यकीय तपासणी न करता पॉलिसी मिळत असेल तरी तपासणीचा आग्रह धरावा.

आणि नावे. सीमाभागात एकाच माणसाची तीन नावे असतात. मराठी शाळेच्या दाखल्यावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आधारवर कन्नडमधून इंग्रजीत गेलेले स्पेलिंग. पदवीच्या प्रमाणपत्रावर आडनाव लोपून नुसती आद्याक्षरे. माझ्या सासूबाईंच्या नावाचे स्पेलिंग आधार, पॅन आणि बँक खाते यांत तीन प्रकारचे होते. हयातीत हे चालून जाते, दाव्याच्या वेळी प्रत्येक फरकासाठी प्रतिज्ञापत्र लागते. कोल्हापूर, मिरज किंवा सांगलीला पीजी करणाऱ्यांच्या घरी आणखी एक गुंता असतो: मृत्यूचा दाखला महाराष्ट्रातला आणि वंशावळीचा दाखला आपल्या नाडकचेरीतला, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल कार्यालयातला, दोन्हींत नाव एकच हवे. पॉलिसी घेण्याआधीच नामनिर्देशितांची कागदपत्रे जुळवून घ्यावीत. यात वेळ जातो, पैसा फारसा लागत नाही.

दावा नाकारला गेला किंवा कंपनीने महिनाभर उत्तर दिले नाही तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. कर्नाटकासाठी ते कार्यालय बेंगळुरूला आहे आणि कोल्हापूर-सांगलीकडच्यांसाठी पुण्याला. शुल्क नाही, वकील लागत नाही, तक्रार वर्षाच्या आत करावी लागते. लोकपालाची मर्यादा पन्नास लाखांची आहे, त्याहून मोठ्या दाव्याला ग्राहक आयोगाचा किंवा न्यायालयाचा रस्ता धरावा लागतो. रुग्णाने केलेल्या दाव्यासाठी डॉक्टर जो व्यावसायिक दायित्वाचा विमा घेतात त्याचा या सगळ्याशी संबंध नाही. तो वेगळा, आणि तो आहे म्हणून घराचा विमा झाला असे समजणारे डॉक्टर मला भेटले आहेत.

शेवटची गोष्ट हप्ता कापला जाण्याच्या खात्याची. हप्ता स्टायपेंडच्या खात्यातून आपोआप जात असेल तर पीजी संपताच ते खाते रिकामे राहते, आणि नव्या नोकरीच्या गडबडीत वार्षिक हप्ता उशिरा भरण्याच्या सवलतीचे तीस दिवस उलटतात. मासिक हप्ता असेल तर सवलत पंधरा दिवसांचीच. आम्ही हप्ता वार्षिक ठेवला, माझ्या पगाराच्या खात्याला जोडला आणि तारीख मार्चअखेरच्या खर्चापासून दूर, ऑगस्टमध्ये घेतली. पतीचे शिक्षण संपून ते कामाला लागले की उत्पन्नाच्या नव्या पुराव्यावर अपघात विम्याची रक्कम वाढवून घ्यायची आहे. कर्जाइतकी काढलेली छोटी पॉलिसी, उतारा बँकेतून परत येईपर्यंत चालू ठेवायची असे मामांशी बोलून ठरले आहे.